तीन मुळांचा दात

"निघाला! दात निघाला!"

बंद पडलेल्या छापखान्याच्या त्या लांबलचक हॉलमध्ये शनिवारी सकाळी दोन-अडीचशे माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि ती सगळी एकदम ओरडली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर चक्क टाळ्या पिटल्या. मधोमध खुर्चीवर किराणा दुकानदाराची बायको गाल धरून बसली होती. समोर नळीबाबा. त्यांनी काचेच्या वाडग्यात थुंकलेला दात लालसर पाण्याच्या तळाशी पडला होता. ना चिमटा, ना सुई, ना टाका! गालाला बाहेरून शिंगाची नळी लावायची, दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात ओढायचं, की झालं. आतला दात हाडातून, मांसातून, कातडीतून सरळ नळीत, आणि गालावर ओरखडासुद्धा नाही. आता बोला!

बोलायला बाबांचा चेला होताच. चांगला चाळिशीचा गडी, हातात माईक, आणि जिभेला हाड म्हणून नाही.

"दात म्हणजे काय, मंडळी? दात म्हणजे हाडाची वासना! काही दात जन्मतात, काही जन्मत नाहीत. जे जन्मत नाहीत ते रुसतात. रुसलेला दात हाडातच घर बांधतो, घरावर माडी चढवतो, आणि गाल सुजतो! डॉक्टर काय करतो? घरच पाडतो! आमचे बाबा काय करतात? रुसलेल्याला हाताला धरून बाहेर आणतात!"

हाडाला वासना कशी असते, हे विचारायची कुणाला सवड नव्हती. माना डोलत होत्या.

मागच्या खांबापाशी ताई उभी होती. उभी कसली, तळमळत होती. हातातल्या पिशवीची चेन उघडायची, लावायची, परत उघडायची. अकरा वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातून घडलेलं. त्यामुळे 'दात' म्हटलं की तिला वासना-बिसना काही दिसायची नाही. दिसायचा तो दातच, त्याच्या टोकांसकट आणि मुळांसकट. पण आज ती गप्प होती, कारण पुढच्या नंबरवर तिचीच सख्खी धाकटी बहीण बसली होती, आणि बहिणीचा खांदा धरून आई उभी होती.

धाकटी खुर्चीवर बसली. उजवा गाल खाली जबड्याशी लिंबाएवढा फुगलेला. चेल्यानं तिला पेल्यातून औषधी पाणी दिलं.

"गिळायचं नाही. सुजेच्या बाजूला धरून ठेवायचं, बाई. दाताला बाहेर यायची वाट ओली पाहिजे."

मग त्यानं पांढरा दोरा काढला, कानाच्या पाळीपासून सुजेवरून हनुवटीच्या मध्यापर्यंत ताणला, गाठ मारली आणि सगळ्यांना दाखवला. बाबा तोवर पडद्याआड शुद्ध व्हायला गेले होते. पडद्याआड जाईपर्यंत बाबांचं तोंड चेल्यापेक्षाही जास्त चालायचं. बाहेर आले की मौन. मौनातच नळी लावली. मौनातच ओढलं. डोळे वटारले, मान थरथरली, आणि वाडग्यात टण्णकन दात पडला. धाकटीनं बादलीत चूळ टाकली. चेल्यानं तोच दोरा परत लावला, आणि काय सांगावं! गाठ हनुवटीच्या बोटभर पुढे गेली.

"एक बोट सूज उतरली! जागच्या जागी! हे बघा, हे बघा!"

आई रडायलाच लागली. धाकटी महिन्याभरानं पहिल्यांदा हसली. ताई लोकांना कोपरानं बाजूला सारत पुढे आली आणि चेल्यानं वाडग्यावर फडकं टाकायच्या आत तिनं तो दात पाहून घेतला. पुरे होतं. दोन सेकंद पुरे होते.

दाताला तीन मुळं होती. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. आणि वरचा भाग पार झिजून सपाट झालेला.

तिला ओरडावंसं वाटलं. पण धाकटी हसत होती हो! 

चेला आईला समजावत होता, "मंगळवारी दुसरी बैठक. आणि चाळीस दिवस लोखंड लावायचं नाही. डॉक्टरचं लोखंड लागलं की दात पुन्हा मूळ धरतो, मग बाबांचाही इलाज नाही."

आईनं हॉलच्या दारातच मोबाइल काढला आणि हॉस्पिटलला कळवून टाकलं, की गुरुवारचं ऑपरेशन नको.

* * *

सगळं सुरू झालं ते अगदी बिनबोभाट. धाकटीच्या जबड्यातल्या गाठीची खोडीच तशी. दुखत नाही, ठणकत नाही, ताप नाही. धाकटी बसस्थानकावर घोषणा करायची. "प्रवाशांनी लक्ष द्यावं, फलाट क्रमांक तीनवर..." हा तिचा आवाज गावात सगळ्यांना ठाऊक, चेहरा कुणालाच नाही. वर्षभरापूर्वी तिला गाल किंचित जाड वाटला. आई म्हणाली, अंगावर मांस चढतंय, बरंय. मग खालची एक दाढ हलायला लागली. शेजारचे दात जागचे सरकले. फोटोत ती एकीकडे मान वळवून हसायला लागली. तरी दुखत नव्हतं, म्हणून कुणी काही केलं नाही.

शेवटी हलणारी दाढ दाखवायला ती दंतवैद्याकडे गेली. त्यानं बोटानं जबडा दाबला तेव्हा आतून बारीक चुरचुर झाली, उकडलेल्या अंड्याचं टरफल दाबल्यासारखी. त्यानं लगेच एक्स-रे काढला. हाडात मोठी पोकळ काळी सावली, तिच्याभोवती कागदाएवढं उरलेलं हाड, आणि सावलीच्या तळाशी आडवा झोपलेला एक दात.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी तुकडा काढून तपासला आणि दोघी बहिणींना समोर बसवून नीट सांगितलं.

"लहानपणी जबड्यात दात घडवणाऱ्या पेशी असतात. दात घडले की त्यांचं काम संपतं. क्वचित त्यातल्या काही थांबत नाहीत, वाढत राहतात. त्याचीच ही गाठ. कॅन्सरसारखी अंगभर पसरत नाही, पण हाड खात जाते. हळू वाढते म्हणून कुणी घाबरत नाही, आणि म्हणूनच सगळे उशिरा येतात."

"नुसती खरवडून नाही काढता येणार?" धाकटीनं विचारलं.

"तुझ्या गाठीची जात खरवडली तरी परत येणारी आहे. भोवतीचं थोडं चांगलं हाडही काढावं लागेल. पण आज जबड्याचा खालचा काठ शाबूत आहे, पेन्सिलीएवढा. तेवढा राहिला तर जबडा अखंड राहील, आम्ही त्याला पट्टीचा आधार देऊ. आणखी थांबलीस तर तोही जाईल. मग आख्खा तुकडाच कापावा लागेल. एखादा कडक घास चावताना जबडा मोडायचासुद्धा."

"आणि माझं बोलणं?"

"काही आठवडे अवघड जाईल. मग येईल परत."

ते 'काही आठवडे' धाकटीच्या मनात रुतून बसले. आणि ताईला दुसरंच काहीतरी खात होतं. तो आडवा झोपलेला दात! खालच्या उजव्या बाजूची दुसरी दाढ उगवलीच नव्हती. जगाच्या तोंडातले दात मोजून जी पोट भरते, तिला घरच्या तोंडातला एक दात कमी आहे हे कधी दिसलं नाही? अगं, तुझ्याच ताटाला ताट लावून जेवणारी पोर ती! ताई रात्रंदिवस स्वतःला कोसत होती.

आईचं वेगळंच. मुलींचे वडील ऑपरेशनला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. ते दोन वर्षं उशिरा गेले होते, हे आईला सांगून उपयोग नव्हता. तिच्या लेखी ऑपरेशन म्हणजे स्ट्रेचर आत जातं आणि चादर बाहेर येते. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तिला नळीबाबांचं सांगितलं.

* * *

शनिवारी दुपारी ताईनं हॉस्पिटलला फोन केला. नर्स म्हणाली, "बाई, गुरुवारची वेळ दुसऱ्याला दिली तर पुढची दोन महिन्यांनी. मंगळवारी पाचपर्यंत थांबते. पाच म्हणजे पाच."

रविवारभर ताईला बसवेना. भांडी घासली, घासलेली परत घासली. शेवटी दुपारी आई शेजारी गेल्यावर ती धाकटीला घेऊन लॅबमध्ये आली. सुट्टी होती. प्लास्टरची पांढरी धूळ सगळीकडे बसली होती.

"तोंड उघड. ठसा घ्यायचाय."

"कशाला? मला बरं वाटतंय, ताई."

"बरं वाटतंय ना? मग भ्यायचं काय? उघड."

ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, ते घट्ट होईपर्यंत ताईनं खोलीत वीसेक येरझाऱ्या घातल्या. मग तिनं टेबलावर तीन जबडे ओळीनं मांडले. पहिला तीन वर्षांपूर्वीचा. कामाचा हात साफ व्हावा म्हणून तिनं सहज बहिणीचाच ठसा घेतला होता, खाली तारीखही घातली होती. दुसरा आठवड्यापूर्वीचा, आधाराची पट्टी वाकवायला सर्जनबाईंनी मागवला होता, त्याची लॅबमध्ये ठेवलेली जोडी. तिसरा आत्ताचा, अजून कोमट.

"हा बघ पहिला. इथे पहिली दाढ, आणि तिच्या मागे मोकळी हिरडी. तेव्हाच दाढ नव्हती. मी स्वतःच्या हातानं हे प्लास्टर तासलं आणि मला दिसलं नाही गं!" ताईनं नाक पुसलं आणि माप घ्यायचं कॅलिपर उचललं. "हा दुसरा. फुगवटा बघ. सरकलेले दात बघ. आता हा तिसरा. घे, तूच मोज."

धाकटीनं मोजलं. परत मोजलं. मग कॅलिपर उलटं धरून मोजलं. आठवड्यापूर्वीचा फुगवटा आणि आजचा फुगवटा, सूतभरही फरक नाही.

"मग दोरा कसा सरकला?" ती चिडून म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलं! मी पाहिलं! बोटभर!"

"ते मलाही कळत नाहीये," ताई म्हणाली. "पण दात मी पाहिला. खालच्या दाढेला दोन मुळं असतात, वरच्या दाढेला तीन. तुझी गाठ खाली आहे. बाबांनी काढला तो वरचा दात. शिवाय झिजून सपाट झालेला. जो दात जन्मात हाडाबाहेर आला नाही, तो झिजला कसा? हाडात बसून काय चावत होता?"

धाकटी हसली नाही. तिनं तिन्ही जबडे एकदम बाजूला ढकलले.

"तुला काय जातंय बोलायला! तुझ्या हातात कला आहे. माझ्याकडे एक आवाज आहे. तो गेला तर मी कोण? कुणीच नाही. मला ते खरं हवं होतं, ताई. तुला कळतंय का? मला ते खरं हवं होतं."

ताई तिच्याजवळ सरकली आणि तिला घट्ट धरून बसली. प्लास्टरचे हात धाकटीच्या पाठीवर उमटले. घड्याळ तेवढं टकटक करत होतं, आणि ताईच्या डोक्यात मंगळवारचे पाच वाजत होते.

मग धाकटी उठली, तोंड धुवायला नळाशी गेली, चूळ भरली आणि तशीच आरशापुढे थांबली. फुगलेल्या गालानं. ती आरशात बघतच राहिली.

पाणी तोंडात तसंच धरून तिनं हातानं खूण केली. दोरा! ताईनं दातांच्या कामाचा दोरा कापून दिला. धाकटीनं तो कानापासून हनुवटीपर्यंत ताणला, गाठ मारली. मग बेसिनमध्ये चूळ टाकली आणि दोरा परत लावला.

गाठ बोटभर पुढे गेली.

"पाणी!" ती ओरडली. "मेल्यांनी तोंडात पाणी धरायला लावून मोजलं, ताई! आणि थुंकल्यावर परत मोजलं!"

मग धाकटीला जे हसू फुटलं ते थांबेचना, आणि त्यातच ती रडलीही.

* * *

आईला पटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण सोमवारी सकाळी दोघींनी दोरा दाखवला, जबडे दाखवले, मुळं समजावली, आणि आई शांतपणे म्हणाली, "असेल तुमचं खरं. पण किराणावाल्याची बायको काय खोटं बोलते? अडीचशे माणसं काय आंधळी होती? तुम्ही दोघी शहाण्या, बाकी सगळे बावळट?"

"आई, त्यांनी मोजलं नाही. नुसतं पाहिलं."

"तुझ्या वडिलांच्या वेळीही सगळं मोजलं होतं. रक्त मोजलं, ठोके मोजले. काय झालं?" आईनं हातातली बशी ओट्यावर आदळली. "एक माणूस मी घालवलाय. पोरीच्या जबड्याला कुणी सुरी लावायची नाही. उद्या दुसरी बैठक, आणि तिला मी नेणार म्हणजे नेणार."

"ने," धाकटी एकदम म्हणाली. "येते मी."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. धाकटीनं डोळा मिचकावला.

सोमवारी संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर ताईनं मागे थांबून एक काम केलं. कवळीची हिरडी ज्या गुलाबी प्लास्टिकची करतात, त्याचा तिनं लिंबाएवढा गोळा घडवला, आतून आपल्याच खालच्या दातांवर बेतला, दोन बारीक तारा लावल्या, आणि कड बोचू नये म्हणून घासून गुळगुळीत केला. गालात बसवला आणि आरशात पाहिलं. डिट्टो धाकटी! अकरा वर्षांत इतकं कुरूप काम तिनं केलं नव्हतं आणि इतकं मन लावूनही.

* * *

मंगळवारी हॉल शनिवारपेक्षा जास्त भरला होता. ताई डोक्यावरून आणि तोंडावरून ओढणी घेऊन रांगेत उभी होती. धाकटीच्या दोन नंबर आधी. घड्याळात साडेतीन. बाबांच्या आधी आपलंच पितळ उघडं पडायचं, ही धास्ती! बाबांनी तोंड उघडून आत पाहिलं तर?

पण बाबांना आत बघायची गरजच काय? त्यांना बाहेरून सगळं दिसत होतं.

"बाई, तुमच्यात तर दोन दात रुसलेत!" नळीबाबा ओढणी गालापुरती सारून सुजेवरून बोट फिरवत म्हणाले. "जुळे! एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेत. किती दिवस झाले?"

"वर्ष झालं, बाबा," ताई गोळ्यामागून पुटपुटली.

"डॉक्टरकडे गेला होता?"

"कापा म्हणतात."

"कापतील! त्यांना तेवढंच येतं!" हॉलमध्ये हशा पिकला. बाबा पडद्याआड गेले. चेल्यानं पेला दिला. ताईनं पाणी गालात धरलं. चेल्यानं दोरा ताणला, गाठ मारली. बाबा आले, मौनात. नळी लावली, ओढलं, मान थरथरली, वाडग्यात टण्णकन आवाज झाला, पाणी लाल झालं. ताईनं चूळ टाकली. दोरा लागला.

"एक बोट! पहिल्याच बैठकीत एक बोट उतरलं! बाई, बोला, हलकं वाटतंय ना?"

"फार," ताई म्हणाली. तिनं ओढणी मागे टाकली, तोंडात बोटं घातली, आणि गुलाबी गोळा काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. गाल सपाट झाला.

"ही माझी सूज. काल संध्याकाळी मीच बनवली. आता मला सांगा, बाबा, ह्या प्लास्टिकमधून तुम्ही दात काढला कसा?"

मग एकच गलका. "कोण आहे ही?" "अपमान करते!" "बाहेर काढा तिला!" एका दांडग्या माणसानं ताईचा दंड धरला. आईनं तिला ओळखलं आणि तोंडावर हात नेला. चेला माईक सोडून वाडग्याकडे झेपावला, पण ताईनं वाडगा छातीशी धरला होता. लाल पाणी तिच्या अंगभर सांडलं.

आणि त्या गोंधळात वरच्या स्पीकरमधून एक आवाज आला. स्वच्छ, सावकाश, रोजचा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं."

अडीचशे माणसं जागच्या जागी थांबली. सवयच ती! वर्षानुवर्षं ह्या आवाजावर त्यांनी पिशव्या उचलल्या होत्या.

"अरे, ही तर स्टँडवरची!" कुणीतरी म्हणालं.

माईक धाकटीच्या हातात होता. सुजलेला गाल तिनं मुद्दाम लोकांकडे केला होता.

"प्रवाशांनी कृपया आपापल्या जागी उभं राहावं. शनिवारी माझ्या गालातून दात काढल्याचं तुम्ही पाहिलंत. जबड्यातली गाठ अजून इथंच आहे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी एक घोट तोंडात धरावा, कानापासून हनुवटीपर्यंत दोरा ताणावा, गाठ मारावी, मग पाणी टाकून परत ताणावा. दोरा नसेल तर ओढणीची कड चालेल."

बघता बघता बाटल्या निघाल्या. सांगतो तुम्हाला, गाल फुगवून एकमेकांच्या कानाला नाड्या लावणारी ती माणसं पाहून हसावं की रडावं कळत नव्हतं. किराणा दुकानदाराची बायको पहिली ओरडली, "अगंबाई! माझं पण बोटभर उतरलं! आणि आज तर बाबांनी हातही लावला नाही!"

ताईनं वाडग्यातला दात चिमटीत धरला. टवका उडालेला कोपरा, सपाट माथा, तीन मुळं.

"हा ओळखीचा आहे. शनिवारी हाच माझ्या बहिणीच्या जबड्यातून निघाला होता. आणि हा वरच्या बाजूचा दात आहे, मोजा मुळं. खालच्याला दोन असतात."

"भटकला!" नळीबाबांचं मौन सुटलं. "रुसलेला दात भटकतो! वरचा खाली येतो, खालचा..."

"एका बाईच्या जबड्यातून दुसरीच्या प्लास्टिकमध्ये? बरं, भटकला. मग झिजला कुठे? वाटेत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू रांगेरांगेनं मागे गेलं. एका पोस्टमननं पडदा सारला. स्टुलावर औषधाची बाटली, बाटलीत अकरा दात. दोन दातांत तर चांदी भरलेली! शेजारी लाल रंगात भिजवलेले कापसाचे बोळे.

"म्हणून मौन!" पोस्टमन म्हणाला. "तोंडात दात आणि बोळा धरून बोलणार कसं? कुठल्या दवाखान्याच्या कचऱ्यातले उचललेत, बाबा?"

बाबा आणि चेला मागच्या दारानं कधी सटकले, ते गडबडीत कळलं नाही. शिंगाची नळी तेवढी राहिली.

आई मात्र खुर्चीशी तशीच उभी होती. ताईनं तिच्या तळहातावर तो दात ठेवला. आईनं मुळं बोटानं मोजली. एक, दोन, तीन.

"मला वाटलं होतं," ती हळूच म्हणाली, "ह्या खेपेला कुणी आत जाणारच नाही."

"आई," धाकटी म्हणाली, "मलाही भीती वाटते. खूप वाटते. पण ती गाठ माझ्या भीतीसाठी थांबत नाहीये."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. आईनं मोबाइल काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"गुरुवारचं," ती म्हणाली, "आहे ते राहू दे."

* * *

गुरुवारी बाहेर चार तास दोघींनीच काढले. तिसरी आत होती. ताईनं कॉरिडॉरच्या फरशा मोजल्या, आईनं पदराचं टोक चुरगाळून त्याची वात केली. दार उघडलं तेव्हा आईनं डोळे मिटून घेतले. सर्जनबाईंनाच तिला हलवावं लागलं.

"खालचा काठ राहिला, आई. जबडा अखंड आहे. आणि हा बघा."

एका डबीत दात होता. गाठीच्या तळाशी आडवा झोपलेला. ताईनं तो उजेडात धरला. दोन मुळं. माथ्यावर चारही टोकं उभी, कोरीकरकरीत. ह्या दातानं जन्मात काही चावलं नव्हतं. तिनं तो आईला दाखवला. आईनं पुन्हा मुळं मोजली.

अकराव्या दिवशी धाकटीनं आरशापुढे बसून ओठ हलवले. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग बोबडं, जाड, पण तिचंच आलं, "फलाट क्रमांक तीन." आईनं तिला ते सात वेळा म्हणायला लावलं.

पुढच्या तपासणीला तिघी त्याच कॉरिडॉरमध्ये बसल्या होत्या. शेजारी एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. त्याचा डावा गाल खाली फुगलेला. बाई कुजबुजत्या आवाजात आईला म्हणाली, "दुखत काहीच नाही हो ह्यांचं. उगाच कापाकापी कशाला? पलीकडच्या गावी एक नळीवाले बाबा बसतात म्हणे, बाहेरून दात ओढतात. त्यांच्याकडेच जावं म्हणतेय."

ताई पुढे झुकली, पण आईनं तिला हातानं मागे सारलं. ती त्या बाईकडे वळून बसली.

"मीही गेले होते, बाई. माझ्या पोरीला घेऊन. भीती वाटते ना? वाटू दे. भीती वाटली म्हणून कुणी मूर्ख होत नाही. पण दुखत नाही म्हणून थांबू नका, ती गाठ दुखत नाहीच. आत जाऊन जबड्याचा फोटो काढून घ्या, डॉक्टरांना हवं ते विचारा, दहा वेळा विचारा. आणि मग जायचंच असेल बाबाकडे, तर जा. फक्त एक करा."

आईनं पिशवीत हात घातला आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी काढून तिच्या हातात ठेवली.

"दोरा आपला न्या. आणि तोंडातलं पाणी आधी थुंका."